खुराड्यातला दिवा आणि हिवाळ्यातली अंडी

वसंतातल्या व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, अर्थकारण आणि अध्यात्म यांवर बोलणाऱ्यांची वाण नसते, आणि ती नसावी हेच बरे. आजचा विषय मात्र घराच्या मागच्या अंगणातला आहे. हिवाळ्यात कोंबड्यांनी अंडी द्यावीत म्हणून खुराड्यात दिवा लावावा काय, आणि लावावयाचा तर कोणता, एवढाच आमचा प्रश्न. कोणाला तो हलका वाटेल, कोणाला अवेळी वाटेल. वर्ध्याचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकला असता थंडीची गोष्ट कशाला काढता, असेही कोणी विचारील. पण हिवाळ्यात अंडी देणारी कोंबडी हिवाळ्यात आणून भागत नाही. तिची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण मादी, चैत्र-वैशाखात घरी यावी लागते, तेव्हा कुठे ती नवरात्रापर्यंत तयार होते. म्हणून हिवाळ्याचा विचार उन्हाळ्यातच करणे प्राप्त आहे.

हा विषय आम्हांस हलका वाटत नाही, याचे कारण सांगतो. सेलू, देवळी, समुद्रपूर या बाजूच्या खेड्यांत ज्या बाईच्या दारी वीस-पंचवीस कोंबड्या असतात तिला अंड्याचा पैसा हा स्वतःच्या हातात पडणारा पैसा असतो. कापसाचा, सोयाबीनचा पैसा घरधन्याकडे जातो आणि त्याला आधीच वाटा फुटलेल्या असतात. अंड्याचा पैसा लहान खरा, पण तो मुलाच्या वहीला आणि मुलीच्या औषधाला चटकन उपयोगी पडतो. आणि नेमक्या ज्या महिन्यांत गिऱ्हाईक अंडी मागत येते, भावही चढा असतो, त्याच महिन्यांत कोंबडी हात आखडते. जानेवारी २०२३ मध्ये पशुसंवर्धन खात्याकडून असे सांगण्यात आले होते की महाराष्ट्रात रोज सव्वादोन कोटींहून अधिक अंडी लागतात आणि त्यांत सुमारे एक कोटीची तूट पडते. ही तूट कर्नाटक, तेलंगण व तमिळनाडू येथून येणारी अंडी भरून काढीत होती. एका खुराड्यातल्या दिव्याने कोटीची तूट भरून निघेल असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्या बाईच्या टोपलीतली चार अंडी वाढली तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

आता, हिवाळ्यात अंडी का कमी होतात? कोणासही विचारा, उत्तर एकच मिळते: थंडी वाजते म्हणून. दिसावयास हे उत्तर पटण्यासारखे आहे. परंतु वर्ध्याची थंडी ती काय? डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा आठ-दहा अंशांवर येतो, दुपारी ऊन पडते, अंग शेकून निघते. पिसांनी भरलेल्या अंगाच्या पक्ष्याला ही हवा सोसते एवढेच नव्हे, तर ती त्याच्या सुखाची आहे. खरा त्रास त्याला आत्ताच्या उन्हाळ्यात होतो. तरीही थंडीच्या भयाने आपल्याकडे एक गोष्ट हटकून केली जाते. दिवाळी झाली की खुराड्याच्या चारी बाजूंना गोणपाट आणि ताडपत्री सोडतात, व ती सकाळी आठ-नऊपर्यंत उचलीत नाहीत. वारा अडतो हे खरे, पण उजेडही अडतो. बाहेर पावणेसातला उजाडलेले असते आणि आत आणखी दोन तास रात्र चालू राहते. अंडी कमी होण्यास कोंबडीला मिळणारा उजेड कारण होत असतो, आणि आपण थंडीवर उपाय म्हणून तोच आणखी कमी करतो. वाऱ्याच्या एका बाजूला, तेही कोंबड्यांच्या बसण्याच्या उंचीपुरते गोणपाट लावावे आणि वरचा भाग मोकळा ठेवावा. दिव्याला पैसा खर्चण्याच्या आधी एवढे केले तरी पुष्कळ झाले.

उजेडाचा आणि पक्ष्याच्या वंशवृद्धीचा संबंध माणसाला अंधुकपणे जुनाच ठाऊक होता. जपानात हौशी लोक पाळलेल्या गाणाऱ्या पक्ष्यांना शरद ऋतूत सूर्य मावळल्यावर काही तास दिव्याजवळ ठेवीत, म्हणजे एरवी वसंतात गाणारे ते पक्षी नववर्षाच्या सुमारास गाऊ लागत. अमेरिकेत कोंबड्या पाळणारे लोकही विसाव्या शतकाच्या आरंभापासून हिवाळ्यात खुराड्यांत दिवे लावू लागले होते. मात्र दिव्यामुळे कोंबडीला दाणा टिपण्यास अधिक वेळ मिळतो आणि म्हणून अंडी वाढतात, अशी त्यांची समजूत होती.

ही समजूत अपुरी आहे हे कळावयास कॅनडातील एका प्राध्यापकाचा खटाटोप कारणी लागला. विल्यम रोवन हे आल्बर्टा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवीत. एडमंटनचा हिवाळा म्हणजे पारा शून्याच्या कितीतरी खाली. रोवन यांनी १९२४ च्या शरद ऋतूत जुंको नावाचे चिमणीएवढे पक्षी उघड्या पिंजऱ्यांत ठेवले. काही पिंजऱ्यांना रोज संध्याकाळी थोडा थोडा वाढता दिव्याचा उजेड दिला, बाकीच्यांना नुसता नैसर्गिक दिवस. थंडी दोघांनाही सारखीच. डिसेंबराच्या त्या भयंकर गारठ्यात दिव्याखालचे नर गाऊ लागले, आणि तपासणी केली तेव्हा त्यांच्या जननग्रंथी वसंतात वाढाव्या तशा वाढलेल्या आढळल्या. दिवा नसलेल्यांच्या मोहरीच्या दाण्यासारख्या बारीक राहिल्या होत्या. १९२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हा वृत्तान्त छापून आला. ऋतूची वर्दी पक्ष्याला दिवसाच्या लांबीवरून मिळते, उबेवरून नव्हे, हे त्यातून दिसले.

पुढे १९३० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये बेन्वा या शास्त्रज्ञाने बदकांवर प्रयोग केले आणि त्यांतून आणखी चमत्कारिक गोष्ट बाहेर आली. डोळे नसलेल्या बदकालाही दिवस वाढल्याचे कळते! उजेड कवटीच्या पातळ हाडातून आत झिरपतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागातील पेशी तो टिपतात. त्या भागाकडून संदेश शेजारच्या पिट्युइटरी ग्रंथीला, तिच्या रसांतून अंडाशयाला, आणि मग बलक पिकू लागतो. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीच्या शेतांत थव्याने उतरणारा काळ्या डोक्याचा भारीट पुष्कळांनी पाहिला असेल. शेतकरी त्याच्या नावाने बोटे मोडतो. त्याच भारीटावर भारतीय शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे दिवसाच्या लांबीचे प्रयोग केले आहेत, आणि वाढत्या दिवसाने त्याचे अंग चरबीने भरते व तो परतीच्या प्रवासाला आणि विणीला सिद्ध होतो असे दाखवून दिले आहे. आपल्या अंगणातली कोंबडी माणसाळली, पण तिच्या डोक्यातली ही यंत्रणा तशीच राहिली आहे.

यावरून दिव्याच्या निवडीबाबत दोन गोष्टी निघतात. कोंबडीला कळते ती उजेडाची वेळ. एका मर्यादेपलीकडे त्याचा लखलखाट तिच्या हिशेबात धरला जात नाही. आणि कवटीतून आत शिरावयाचे तर तांबडा-पिवळा उजेड निळ्यापेक्षा अधिक खोल जातो. बाजारात दिवा घ्यावयास जाताना या दोन गोष्टी ध्यानात असल्या म्हणजे दुकानदार फसवू शकत नाही.

आधी वेळेचा हिशेब करू, आणि तो वर्ध्याचाच करू. परदेशी पुस्तकांत चार-सहा-आठ तास दिवा लावा असे सांगितलेले आढळते, ते त्यांच्याकडे ठीक आहे. लंडनला ऐन हिवाळ्यात दिवस जेमतेम आठ तासांचा होतो. वर्धा विषुववृत्ताच्या उत्तरेस पावणेएकवीस अंशांच्या आसपास आहे. येथे डिसेंबराच्या २१-२२ तारखेला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या आत मावळतो. दिवस जवळजवळ अकरा तासांचा. जूनमध्ये तोच सव्वातेरा तासांच्या थोडा वर जातो. म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत फरक अडीच तासांचाच. पण कोंबडीच्या शरीराला हा घटता दिवस पुरेसा बोलका असतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो. पंचांगाबाहेर पाहिले तर तो तीन आठवडे आधीच वाढू लागलेला असतो, पण दिसून येण्याइतका वाढतो तो संक्रांतीनंतर, आणि गावठी कोंबड्याही माघ-फाल्गुनात अंड्यावर येतात, त्याचे मूळ या तिळातच आहे.

अंड्यावरच्या कोंबडीस उजेडाचे किमान १४ तास मिळावेत असे कुक्कुटपालनाचे शास्त्र सांगते. पिंजऱ्यातल्या हजारो लेगहॉर्न कोंबड्यांचा धंदा करणारे ते १६ तासांपर्यंत नेतात. घरच्या वीस-पंचवीस कोंबड्यांना १४ पुरेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. सूर्य उगवण्यापूर्वीचा व मावळल्यानंतरचा वीसएक मिनिटांचा संधिप्रकाशही जमेस धरता येतो. तेव्हा वर्ध्याला ऐन हिवाळ्यात तूट पडते ती अडीच ते तीन तासांची. इतक्या थोड्या उजेडासाठी मोठा खटाटोप लागत नाही.

आता उजेड किती लागतो ते पाहू. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावर जेवढा उजेड पाडते त्याला ढोबळ मानाने एक लक्स म्हणतात. कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर असे १० ते २० लक्स पडले की काम भागते. कोजागरीचे चांदणे आपल्याला दुधासारखे वाटते, पण ते पाव लक्सच्या आसपास भरते, कोंबडीच्या लेखी ती रात्रच. उलट दहाच्या ठिकाणी शंभर लक्स पाडले तर अंडी दसपट होत नाहीत. झगझगीत उजेडात कोंबड्या एकमेकींना टोचू मात्र लागतात. मोजण्याचे यंत्र घरोघर नसते. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. पहाटे खुराड्यात जाऊन बसावे, वर्तमानपत्र कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर धरावे. बातमीची बारीक अक्षरे डोळ्यांना थोडा ताण देऊन वाचता आली तर उजेड बेताचा आहे.

या मापाने बाजारातले दिवे तपासू. जुन्या काळी कंदील टांगीत. जवळ बसलेल्या चार कोंबड्यांना तो पुरेही, पण गवत, भुसा, जाळी-जळमटे आणि पिसांची धूळ यांनी भरलेल्या खुराड्यात उघडी ज्योत ठेवणे म्हणजे आग पाळणे आहे. त्यापेक्षा अंधार पत्करला. तारेचा जुना बल्ब कोंबडीच्या दृष्टीने फार चांगला, कारण त्याच्या उजेडात तांबडा अंश भरपूर. शंभर चौरस फुटांना ४० वॉटचा एक बल्ब हा जुन्या पुस्तकांतला हिशेब त्याच्यासाठीच होता. पण तो वीज खातो आणि तापतोही. वर कोळिष्टके असली की धोका. नळीचा पांढरा दिवा आपल्या स्वयंपाकघरात बरा. त्यात निळसर अंश फार, आणि थंडीत, कमी दाबाच्या विजेवर तो लुकलुकतो. आज विचारी माणसाने घ्यावा तो एलईडी, मात्र पांढरा घेऊ नये. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्व्हिन असा आकडा पाहावा. हा उजेड पिवळसर, जुन्या बल्बच्या जवळचा असतो. ६५०० लिहिलेला निळसर पांढरा दिवा दुकानात हटकून पुढे केला जातो, तो परत द्यावा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खुराड्याला ५ वॉटचा एक दिवा, सहा-सात फुटांवर, वर पत्र्याची उपडी थाळी बसवून टांगला की झाले. तो दाण्या-पाण्याच्या भांड्यांवर उजेड पाडील असा असावा. अंडी घालण्याच्या खोक्यांवर उजेड पडू देऊ नये. कोंबडीला तो कोपरा अंधारा लागतो.

खर्चाचे म्हणाल तर रोज तीन तास, १२० दिवस, ५ वॉटचा दिवा लावला तर वीज खर्च होते १.८ युनिट. सोयीसाठी युनिटचे दहा रुपये धरले तर सगळ्या हिवाळ्याचे अठरा रुपये. ४० वॉटच्या जुन्या बल्बाने तेच १४.४ युनिट, म्हणजे १४४ रुपये. दिवसाला चारच अंडी वाढली असे धरले तरी हिवाळ्यात ४८० होतात.

दोन दिव्यांविषयी वेगळे बजावून सांगावेसे वाटते. एक, पिलांना ऊब देण्याचा २५० वॉटचा तांबडा दिवा. तो थंडीसाठी म्हणून मोठ्या कोंबड्यांवर टांगलेला आम्ही पाहिला आहे. वर्ध्याच्या हवेत मोठ्या कोंबडीस त्याची गरज नाही, आणि खुराडी जळण्याचा धोका त्याच्यात सर्वांत अधिक. दुसरा, बागेत खोचायचा सौर दिवा. तो अंधार पडताच आपोआप पेटतो आणि बॅटरी संपेल तेव्हा, कधी दहाला, कधी दोनला, मनास येईल तसा विझतो. ज्या प्राण्याचे सगळे शरीर वेळेवर चालते त्याला असा लहरी दिवा नुसता उपयोगाचा नाही असे नव्हे, तर तो त्याची घडी विसकटून टाकतो. सौर तबकडीवर बॅटरी भरून तिच्यावर वेळेचे कळयंत्र लावून दिवा चालविला तर ती गोष्ट निराळी. वर्ध्याचा हिवाळा स्वच्छ उन्हाचा असतो, आणि वीज नसलेल्या शेतावरच्या खुराड्याला हा मार्ग चांगला आहे.

हे तीन तास पहाटे द्यावेत की संध्याकाळी? अंड्यांच्या हिशेबाने दोन्ही सारखेच, पण कोंबडीच्या जिवाच्या दृष्टीने आम्ही पहाटेच्या बाजूने आहोत. सायंकाळी सूर्य मावळू लागला की कोंबड्या आपण होऊन दांडीवर चढतात. दिवा चालू ठेवला तर त्या खालीच दाणे टिपत राहतात, आणि रात्री आठला बटण बंद होताच क्षणात काळोख होतो. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. जी जेथे असेल तेथेच बसून राहते, गारठलेल्या जमिनीवर, मुंगसाच्या आणि रानमांजराच्या वाटेवर. पहाटेच्या दिव्यात ही भानगड नाही. दिवा लागतो, कोंबड्या उतरतात, आणि दिव्याच्या उजेडात सकाळचा उजेड मिसळून जातो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही असे आपले लोक म्हणतात. येथे तांबडेच चार वाजता फुटवायचे आहे. त्याचा एक उपसर्ग सांगून ठेवतो. खुराड्यात कोंबडा असला तर तोही चार वाजता आरवेल, आणि शहरातल्या लेआउटमध्ये शेजारी साडेचारला दार ठोठावतील. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. पिले काढावयाची नसली तर शहरवासीयांनी तो न ठेवलेलाच बरा.

दिवा हाताने लावावा की यंत्राने? घरची बाई पहाटे चारला उठतेच, बटण दाबील, असे घरातले पुरुष मोठ्या उदारपणे सांगतात. पण मार्गशीर्षात ती माहेरच्या लग्नाला चार दिवस गेली की दिवा राहतो, आणि एखादा आठवडा दिवस असा एकाएकी तीन तासांनी लहान झाला तर कोंबड्या अंडी थांबवून पिसे झाडू लागतात. मग महिना-दोन महिने टोपली रिकामी. म्हणून कळयंत्र घ्यावे, आणि तेही स्वतःची लहान बॅटरी असलेले. चाकाचे स्वस्त यंत्र वीज गेली की थांबते, वीज आली की जेथे थांबले तेथून पुढे चालू लागते. चार वेळा वीज गेल्यावर त्याचे पहाटेचे चार सकाळचे सात झालेले असतात. ज्या गावात पहाटे वीज हमखास जाते तेथे वीज गेल्यावरही काही तास जळणारा चार्जिंगचा एलईडी बल्ब लावावा. तार उंदीर कुरतडतात, ती नळीतून न्यावी. आणि आठवड्यातून एकदा दिवा बंद करून कोरड्या फडक्याने पुसावा. खुराड्यातली धूळ त्याच्यावर साचून पाहता पाहता उजेड खाऊन टाकते.

येथवर दिव्याचे झाले. पण दिवा कोणत्या कोंबडीवर लावावयाचा, हे न पाहता केलेला खर्च वाया तर जातोच, क्वचित जिवावरही उठतो. सर्वांत मोठे भय तलंगांचे आहे. लवकर अंड्यावर याव्यात म्हणून तीन-साडेतीन महिन्यांच्या तलंगांवर पहाटेपासून दिवा सोडण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि त्या लवकर येतातही. पण त्या वेळी त्यांची हाडे, त्यांचा गुदमार्ग पुरता वाढलेला नसतो. अंडी लहान येतात. एखादीचे अंग बाहेर येते, आणि तो तांबडा भाग पाहून बाकीच्या तिला टोचून टोचून मारतात. ज्या बाईने पदरच्या पैशाने पंचवीस तलंगा घेतल्या तिच्या त्यांतल्या पाच अशा गेल्या तर हिवाळ्याचा नफा तेथेच संपला. लेगहॉर्नसारख्या हलक्या जातीवर अठरा आठवड्यांपूर्वी आणि वनराजा, गिरिराजा यांसारख्या अंगाने भारी जातींवर त्याहूनही तीन-चार आठवडे उशिरापर्यंत दिवा लावू नये. जुन्या कोंबड्या आणि लहान तलंगा एकाच खुराड्यात असतील तर मध्ये काळे जाड कापड घालून तलंगांचा भाग अंधारा ठेवावा.

गावठी कोंबडीचे निराळे. ती वर्षाला साठीच्या आतबाहेर अंडी देते, आणि दहा-पंधरा अंडी झाली की खुडूक बसते. खुडूकपणावर दिव्याचा इलाज चालत नाही. तिच्यावर दिवा लावू नका असे आम्ही म्हणत नाही, पण तिच्याकडून लेगहॉर्नची अपेक्षा धरू नये. दिव्याचा खरा गुण दिसतो तो सुधारलेल्या जातींवर, आणि त्यांतही दुसऱ्या वर्षाच्या कोंबड्यांवर. पहिल्या वर्षाची तरणी कोंबडी पुष्कळदा दिव्यावाचूनही हिवाळा बऱ्यापैकी काढते. दुसऱ्या वर्षी मात्र पावसाळ्याच्या अखेरीस पिसे झाडून बसलेली कोंबडी संक्रांतीपर्यंत उठत नाही. तिला नवी पिसे आल्यावर दिवा दिला तर ती दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. त्याच्या आत येणार नाही, कारण बलक पिकावयासच शेवटचे सात ते दहा दिवस लागतात. चौथ्या दिवशी अंडे दिसले नाही म्हणून मोठा दिवा आणणारे लोक आहेत, म्हणून हे सांगितले.

दिवा संदेश देतो, अंडे मात्र दाण्यातूनच व्हावयाचे. अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम चुना-धातू, म्हणजे कॅल्शियम, असतो, आणि बलक सुटल्यापासून अंडे बाहेर येईपर्यंतच्या साधारण २५ तासांपैकी वीसएक तास हे कवच चढण्यातच जातात, बहुधा रात्री. आहारात तो नसेल तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते. म्हणून दिव्याबरोबर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात सदैव ठेवावा, आणि दिवा लागेल त्या क्षणी दाणा व पाणी पुढे असावे. अंड्यावरच्या लेगहॉर्नला दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास संतुलित खाद्य लागते. आता वर्धा जिल्हा सोयाबीनचा आणि कापसाचा. हाताशी असते ते खुराड्यात टाकले जाते. त्यात दोन खोड्या आहेत. कच्चे सोयाबीन कोंबडीला पचत नाही, त्यातला एक अंश प्रथिने पचविणाऱ्या रसालाच मारतो. ते चांगले भाजून द्यावे. आणि सरकीची पेंड अधिक झाली तर अंडी साठवणीत बिघडतात, बलक हिरवट-तपकिरी आणि पांढरे गुलाबी पडते. गिऱ्हाईक एकदा असले अंडे फोडते आणि पुन्हा येत नाही. दुभत्या गाईला पेंड, कोंबडीला नको.

वर्ध्यात अंड्यावर बोलावयाचे तर आणखी एक प्रश्न सभेतून येणारच, आणि तो यावा. मुक्या प्राण्याची रात्र चोरून त्याच्याकडून अंडी काढणे हे बरे काय? गांधीजी १९३६ मध्ये सेगावास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास आले. त्यांनी १९४२ साली आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत आरोग्यावर जे पुस्तक लिहिले त्यात अंड्याचाही विचार केला आहे. कोंबड्यावाचून घातलेल्या अंड्यातून पिलू निघत नाही, तेव्हा दूध घेणाऱ्याला असे अंडे घेण्यास हरकत असू नये, अशा आशयाचे ते लिहितात. तो खाणाऱ्याचा प्रश्न झाला. कोंबडीचा प्रश्न उरतोच. त्यावर आमचे उत्तर असे की तीन तासांचा दिवा तिला वर्ध्याच्या जूनएवढा दिवस देतो, त्याहून अधिक काही करीत नाही. तिच्यातली अंडी संपून जातील ही भीती खोटी आहे. पिलू जन्मते तेव्हाच त्याच्या अंडाशयात हजारो बीजे असतात आणि कोणतीही कोंबडी त्यांचा लहानसा अंशच उपयोगात आणते. झिजतात ती तिची हाडे, आणि त्यावर उपाय शिंपल्यांचा व चांगल्या दाण्याचा. रात्रभर दिवा जळत ठेवणे मात्र आम्ही निर्दयपणाच समजतो. कोंबडीला सलग आठ तास काळोख मिळालाच पाहिजे. चोवीस तास दिवा ठेवून अंडी वाढत नाहीत, टोचाटोची तेवढी वाढते.

तेव्हा यंदा करावयाचे ते इतकेच. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा आत्ता आणाव्यात. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत पंचवीस तलंगा आणि तीन नर असा गट देण्याची रीत आहे, तिची चौकशी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे करावी. पावसाळाभर त्यांच्यावर दिवा नको. घटस्थापनेला घरात नंदादीप लावताना खुराड्यातलाही दिवा लावावा, पहाटे पावणेसहाला. मग दर आठवड्याला पाव पाव तास अलीकडे आणीत जावे, म्हणजे त्रिपुरी पौर्णिमा उलटेपर्यंत चार वाजतात. तेथे थांबावे. दिवा सातपर्यंत ठेवावा, आणि एकदा ठरविलेली वेळ हलवू नये. संक्रांत झाली, दिवस वाढू लागला, तरी घाईने दिवा काढू नये. उन्हाळ्यात तर त्याचा दुसराच उपयोग होतो. दुपारच्या पंचेचाळीस अंशांत कोंबडी दाण्याला तोंड लावीत नाही. पहाटे चार ते सातच्या गारव्यात दिव्याच्या उजेडात ती पोटभर खाते, म्हणून आत्ताही ज्यांच्या खुराड्यात दिवा आहे त्यांनी तो तसाच चालू द्यावा. पावसाळा संपत आला की कोंबड्या पिसे झाडू लागतात, तेव्हा दिवा बंद करून त्यांना विसावा द्यावा, आणि नवी पिसे भरली की पुन्हा पावणेसहापासून सुरुवात करावी.